संकेतस्थळावरील अध्यापन-प्रणाली : निवड आणि मांडणी

भीमेच्या एका अंगास शिरूर तालुका, दुसऱ्या अंगास दौंड. दोन्हीकडील वैद्यास एखाद्या परिसंवादासाठी पुणे गाठावयाचे तर दिवसभर दवाखाना बंद ठेवावा लागतो. औषधी दुकानदाराची अडचण त्याहून मोठी. आठवडे बाजाराच्या दिवशी दुकानास कुलूप लावणे त्यास परवडत नाही. म्हणून संघटनेने आपल्या संकेतस्थळावरच अभ्यासक्रम चालवावा ही अपेक्षा आम्हांस रास्त वाटते. पडद्यासमोर बसून शिकणे आपल्या तालुक्यांस नवे नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने ते गावोगाव पोहोचविले आहे.

प्रणाली निवडण्याआधी काय शिकवावयाचे ते ठरवावे. केवळ व्याख्याने ऐकवावयाची असतील तर प्रणालीची गरजच नाही, ध्वनिचित्रफिती पुरेत. परंतु अशोकाची साल आणि तिच्या नावाने खपणारी आसुपालवाची साल यांतील भेद शिकवावयाचा असेल, तर विद्यार्थ्याने छायाचित्रे पाहावीत, उत्तर द्यावे आणि चुकल्यास तेथल्या तेथे कारण कळावे, हे आवश्यक ठरते. वत्सनाभ, भल्लातक, जयपाल यांसारख्या विषारी द्रव्यांविषयीचे नियम दुकानातील नोकरवर्गास शिकवितानाही असेच. चाचणी आणि प्रगतीची नोंद हे ज्या प्रणालीत चांगले, तीच आपल्या कामाची.

मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडविलेली व २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली मूडल ही प्रणाली मुक्त परवान्याची आहे. तिच्यासाठी शुल्क नाही. मात्र सर्व्हरचे भाडे व देखभालीचा खर्च असतोच. गूगल क्लासरूम सोपे आहे, पण ते आपल्या संकेतस्थळाचा भाग होत नाही. संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर अभ्यासक्रमाचे प्लगइन जोडता येते. एखाद-दुसऱ्या छोट्या अभ्यासक्रमास ते पुरते. अनेक अभ्यासक्रम व बारकाईच्या चाचण्या असतील तर आमचा कौल मूडलला; परंतु ती सांभाळणारी एक जबाबदार व्यक्ती नेमता येत असेल तरच. सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर न बसविलेली प्रणाली नसलेलीच बरी.

मांडणीत पहिली गोष्ट नावाची. डोमेन व सर्व्हरचे खाते संस्थेच्याच नावावर असावे, काम करणाऱ्या होतकरू तरुणाच्या नव्हे. मूडलची विदा साठविणारा फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवावा. ठरावीक वेळाने आपोआप चालणारे ‘क्रॉन’ हे काम सुरू आहे ना, ते पाहावे. ते बंद असल्यास सूचना व स्मरणपत्रे अडून राहतात, आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या फोनला दिला जातो. जुन्या टिपणांचा प्रश्न वेगळाच आहे. श्रीलिपीसारख्या टंकांत टंकलिखित केलेला मजकूर जसाच्या तसा चढविल्यास पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. तो युनिकोडमध्ये आणून संस्कृत श्लोकांतील जोडाक्षरे एका जाणकाराने डोळ्यांखालून घालावीत. या कामास प्रणाली बसविण्याहून अधिक दिवस लागतील, असे धरून चालावे. ध्वनिचित्रफिती आपल्या सर्व्हरवर न ठेवता अन्यत्र ठेवून जोडाव्यात, छायाचित्रे आटोपशीर आकाराची असावीत. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पाठ उतरवून जोडणीविना वाचता येतात. मोफत योजनेत त्यास मर्यादा आहेत, हे आधी तपासावे.

रुग्णाचे छायाचित्र किंवा केसपेपर पाठात घालण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. दुवा असेल त्या कोणासही दिसणाऱ्या चित्रफितीत तर रुग्ण मुळीच नसावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे भान येथे हवे. रोगचिकित्सेचे पाठ नोंदणी क्रमांक पडताळून दिलेल्या प्रवेशानेच उघडावेत. ते सर्वांस खुले राहिल्यास वाचणारा स्वतःवरच प्रयोग करील ही भीती आहेच. शिवाय एखाद्या कल्पाचे गुणगान १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या कक्षेत ओढले जाऊ शकते. परिषदेची मान्यता घेतलेली नसेल तर प्रमाणपत्रावर तसे स्पष्ट लिहावे.

आरंभी एकच अभ्यासक्रम, तोही द्रव्यपरीक्षणाचा, दोन्ही तालुक्यांतील दहा-बारा जणांस द्यावा. त्यांत निम्मे दुकानदार असावेत आणि एकाचा तरी फोन जुना असावा. चाचणी सोडविताना कोण कोठे अडले याची नोंद ठेवावी, आणि अभ्यासक्रमाची राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावरच पुढील नोंदणी सुरू करावी.