गर्भाचे पहिले अठ्ठावीस दिवस

बीड जिल्ह्यातील कोणत्याही आरोग्य उपकेंद्राच्या दप्तरी गर्भवतीची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा सरकारी दंडक आहे, आणि सुखरूप बाळंतपणाच्या दृष्टीने ती मुदत योग्यही आहे. परंतु गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया ज्या घटकेस घातला जातो, ती घटका या मुदतीच्या कितीतरी अगोदर उलटून गेलेली असते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील पेशींचा चपटा पट्टा मध्यभागी खोलगट होऊ लागतो, त्याच्या दोन्ही कडा उंचावतात, एकमेकींकडे झुकतात आणि सांधल्या जाऊन त्यांची नलिका बनते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत हे कार्य संपते, तेव्हा आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ही मज्जानलिका वरच्या टोकाला उघडी राहिली तर अर्भक वाचत नाही. खाली उघडी राहिली तर कण्यात फट राहते, पाय लुळे पडतात आणि मलमूत्रावरचा ताबा पुष्कळदा जन्मभर येत नाही.

या व्यंगाला पुष्कळ अंशी आवर घालणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या शोधाचा आरंभ मुंबईत झाला. १९२८ साली तेथे आलेल्या ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने हाफकिन संस्थेच्या आश्रयाने गरीब गर्भवतींच्या, विशेषतः गिरणीकामगार स्त्रियांच्या, रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले; त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीने सिद्ध झाले, की आधी असे मूल झालेल्या मातेला गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यास पुढच्या वेळचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो.

जिला गर्भ राहण्यापूर्वीच मधुमेह आहे, तिच्या बाळाला हा धोका इतर बाळांहून कित्येक पट अधिक असतो. आईच्या रक्तातील जादा साखर गर्भापर्यंत पोहोचते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की तिच्यामुळे नलिकेच्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, पॅक्स-३ हे जनुक मंदावते आणि कडा सांधण्यापूर्वीच पेशी मरू लागतात. गरोदरपणाच्या मध्यावर प्रथमच उद्भवणाऱ्या मधुमेहाची गोष्ट निराळी, कारण तोवर नलिका मिटलेली असते. मात्र निदानच न झालेला जुना मधुमेह पुष्कळदा ‘गरोदरपणातला मधुमेह’ या नावाखाली दडून राहतो, आणि मला सर्वांत मोठी काळजी वाटते ती त्याचीच.

इतर स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा पुरते. मधुमेही स्त्रीला ब्रिटनमधील तज्ज्ञ ५ मिलिग्रॅमची गोळी गर्भधारणेपूर्वीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत देतात, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही चाचणी, शक्य तर, ६.५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच गर्भ राहू द्यावा असे सांगतात. साखर बेताल ठेवून नुसती गोळी घेतल्याने धोका टळत नाही. शिवाय पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहा खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासात, ज्या मातांच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिडच्याच गटातले जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व तुटपुंजे होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. शाकाहार आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध या दोहोंनी बी-१२ घटत असल्याने त्याचीही तपासणी व्हावयास हवी.

आता बीडचा विचार करता, दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी परमुलखात जातात आणि नवराबायको मिळून एक कोयता धरला जात असल्यामुळे मूल होण्याच्या वयातील असंख्य स्त्रिया हंगामाचे पाच-सहा महिने गावच्या आशाताईच्या नजरेआड फडावर राहतात. पाळी चुकली तरी तेथे ती कोणाच्या वहीत चढत नाही. गर्भधारणेपूर्वी ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेण्याची शिफारस ‘ॲनिमिया मुक्त भारत’ योजनेत आहेच. म्हणून टोळ्या निघण्यापूर्वी गावोगाव या स्त्रियांची रक्तशर्करा तपासावी, मूल हवे असणारीला हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या द्याव्यात आणि जिची साखर वाढलेली निघेल तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात उपचारास पाठवून, साखर ताब्यात येईपर्यंत पाळणा लांबविण्याचे साधनही तिच्या हाती द्यावे.