फराह बाग
महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या आग्नेयीस, भिंगारलगतच्या लष्करी परिसरात असलेला निजामशाहीकालीन जलप्रासाद. फार्सी ग्रंथांत यास ‘फरहबख्श बाग’ म्हणजे आनंददायी उद्यान असे म्हटले आहे. तलावाच्या मध्यभागी, बेटाप्रमाणे दिसणाऱ्या उंच चौथऱ्यावर ही वास्तू उभारलेली आहे.

निआमतखान या सरदाराने बांधलेली मूळ इमारत सुलतानास पसंत न पडल्याने ती पाडण्यात आली व सलाबतखानाच्या देखरेखीखाली नवी इमारत मुर्तझा निजामशाहच्या कारकीर्दीत (१५६५–८८) १५८३ मध्ये पूर्ण झाली, असे सांगितले जाते.

प्रासादाचे विधान अष्टकोनी असून मधोमध दोन मजल्यांइतके उंच घुमटाकार दालन व त्याभोवती लहान दालने आहेत. चारही दिशांना उंच कमानी आहेत. भिंती दगड-चुन्याच्या असून त्यांवरील गिलाव्यातील नक्षीचे काही अवशेष टिकून आहेत. तलावातील पाण्यावरून येणारा वारा कमानींतून मधल्या दालनात खेळावा, अशी ही योजना आहे. आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणण्याची निजामशाही व्यवस्था अशा उद्यानांना आधारभूत होती. शहराच्या उत्तरेकडील हश्त बिहिश्त बागेतही तळ्यातील अष्टकोनी महालाचे अवशेष आढळतात.

ताजमहालाची कल्पना फराह बागेवरून सुचली, अशी स्थानिक समजूत आहे; परंतु तीस पुरावा नाही. मध्यवर्ती दालनाभोवती आठ दालने योजण्याची पद्धत इराण व मध्य आशियात पूर्वीपासून रूढ होती आणि दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीतही ती दिसते. त्यामुळे या वास्तू एकाच परंपरेच्या शाखा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दख्खनच्या सुलतानांचा इराणशी असलेला थेट संबंध फराह बागेवरून स्पष्ट होतो, हे तिचे खरे महत्त्व होय.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला व १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. राजाश्रय सुटल्यावर नळ निकामी झाले, तलाव आटला व उद्यान नष्ट झाले. आज ही वास्तू संरक्षित स्मारक आहे. तथापि केवळ भिंती सावरून तिचे मूळ स्वरूप उमगत नाही. भोवतालचा कोरडा खोलगट भाग हाही वास्तूचाच अविभाज्य घटक असून त्याचे जतन तितकेच आवश्यक आहे.