पुनर्विकासात ऊन-वाराही मोजा

१८९६मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्यातून १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्रावरचा वारा शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले.

पुढे हा धडा मागे पडला. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाऊंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. २०१८च्या एका पाहणीत तिथे, तुलनेने मोकळ्या पीएमजी वसाहतीपेक्षा, क्षयरोग अधिक आढळला.

कुपोषण, गर्दी ही कारणे आहेतच. पण क्षयरुग्ण खोकला की जंतू कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात. खेळती हवा त्यांना पांगवते, ऊन मारते.

पुनर्विकासाच्या बैठकीत चर्चा चौरस फुटांचीच होते. रहिवाशांनी हेही विचारावे: दोन इमारतींत अंतर किती? हवा आरपार जाईल अशा खिडक्या आहेत का? खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचते का?

अशा घरात आधीच राहत असाल, तर खिडकीसमोर सामान रचू नका. दोन आठवडे खोकला टिकल्यास थुंकी तपासून घ्या; सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.