गिटारचे फ्रेट झिजतात तेव्हा : मॅपलच्या नेकची दुरुस्ती

(कर्जत, जि. अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा. ऑनलाइन ऐकणाऱ्यांना कर्जत म्हटलं की मुंबईच्या लोकलचं कर्जत आठवतं. आपलं कर्जत ते नाही. आपलं नगर जिल्ह्यातलं, सिद्धटेकचं, रेहेकुरीच्या काळविटांचं. माझं फ्रेटच्या तारेचं एक पार्सल आधी त्या कर्जतला जाऊन मग इथे आलं होतं. (हशा) हसताय, पण या दोन कर्जतांचा आजच्या विषयाशी संबंध आहे. पुढे येईलच.

विषय तसा बारका आहे : इलेक्ट्रिक गिटारचे झिजलेले फ्रेट बदलणे, आणि तेही मॅपलच्या नेकवर. एवढ्यासाठी व्याख्यान कशाला, असं काहींना वाटेल. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

लग्नसराईच्या तोंडावर एक मुलगा माझ्याकडे आला. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. म्हणाला, "काका, गिटार विकायची आहे." का रे बाबा? तर पार्टीच्या मालकांनी सांगितलं होतं, तुझा कान कच्चा आहे, तू बेसूर वाजवतोस. त्याने ते मनाला लावून घेतलेलं. मी गिटार हातात घेतली. मोकळ्या सहाही तारा सुरात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली, की स्वर चढा. पाचव्यावर चढा. मी ट्यूनर लावून त्याला दाखवलं. म्हटलं, आता मी वाजवतोय, माझाही कान कच्चा का?

झालं काय होतं, ते नीट बघा. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारेखाली चर पडले होते. फ्रेट खाली बसला की दाबलेली तार पुढच्या फ्रेटला घासते आणि खर्र आवाज येतो. तो घालवायला कोणीतरी ब्रिजवरून तारा उचलून दिल्या. आवाज गेला, पण तारा बोर्डपासून लांब गेल्या. आता स्वर काढायचा तर तार जास्त खोल दाबावी लागते. तार जास्त ताणली जाते, आणि ताण वाढला की स्वर चढतो. म्हणजे धातू झिजला, त्यावर चुकीचा इलाज झाला आणि दोष पोराच्या कानाला लागला. फ्रेटबद्दल बोलायचं ते यासाठी.

फ्रेट म्हणजे काय

सतारीला आपण पडदे म्हणतो, गिटारला फ्रेट. काम एकच : तारेची लांबी ठरवणे. पण सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो. राग बदलला की वाजवणारा तो हाताने सरकवतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला. तो सरकत नाही. त्यामुळे सुराची जबाबदारी वाजवणाऱ्याइतकीच फ्रेट बसवणाऱ्यावरही येते.

जागा कशा ठरतात? सप्तकाचे १२ सारखे भाग. सोपा हिशेब असा की उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, पुढचा फ्रेट तेवढ्या अंतरावर. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर येतो, त्यापुढचा आणखी ३४.३ वर, असं करत बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर.

आता फ्रेटचा माथा गोल असतो. तार त्या गोलाईच्या शेंड्यावर टेकते, म्हणून जागा अचूक राहते. माथा झिजून सपाट झाला, की तार ब्रिजकडच्या कडेवर टेकते आणि लांबी कमी होते. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटरचा फरक पडला, तर अर्ध्या स्वराचे १०० भाग केल्यावर ५ भागांनी स्वर चढतो. एकट्याने वाजवताना हे कळणार नाही. हार्मोनियम किंवा कीबोर्ड शेजारी वाजत असेल तर कानाला टोचतं.

फ्रेटचा धातू म्हणजे बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हर. नावात चांदी, पण आत तांबं, जस्त आणि निकेल. पोलादी तार त्याहून कठीण. कठीण वस्तू मऊ वस्तूवर रोज घासली तर मऊ झिजणार. त्यात तार आडवी ओढून मींड घेणाऱ्यांचे फ्रेट आणखी लवकर झिजतात.

मॅपलची अडचण

अमेरिकेत लिओ फेंडरने १९५० मध्ये ठोकळ्यासारख्या भरीव बॉडीची गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. त्या काळी त्यांचा नेक मॅपलच्या एकाच लाकडाचा होता. वेगळा फ्रेटबोर्ड चिकटवलेला नाही, फ्रेट थेट नेकमध्येच. नेक बॉडीला स्क्रूने जोडलेला. हिशेब असा की नेक खराब झाला तर स्क्रू काढा, दुसरा लावा. कारखान्याच्या दारात हे ठीक आहे. कर्जतमध्ये दुसरा नेक कुठून आणणार? आपल्याला फ्रेटच बदलावे लागतात.

शिसवीचा बोर्ड तेलकट आणि गडद असतो, तो तसाच उघडा ठेवतात. मॅपल पांढरट. घामाने, मळाने काळं पडतं. म्हणून त्यावर लॅकरचा थर देतात. आणि बऱ्याच गिटारींवर आधी फ्रेट ठोकून मग वरून लॅकर मारलेलं असतं. म्हणजे लॅकर फ्रेटच्या कडेला चिकटून बसलेलं. फ्रेट उपटला की त्याच्याबरोबर लॅकर सालीसारखं उचकटतं, कधी लाकडाची कपचीही घेऊन येतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी केलेली पहिली मॅपलची गिटार मी अशीच खराब केली. शिसवीवर हात बसला होता, त्याच जोरात पक्कड लावली. सातव्या फ्रेटला नखाएवढी कपची उडाली. ती जमिनीवर शोधून चिकटवण्यात माझी अख्खी दुपार गेली. मालकाला मी लपवलं नाही, मजुरीही घेतली नाही. तेव्हापासून काम करताना खाली पांढरं कापड अंथरतो, कपची उडाली तर सापडावी म्हणून.

बदलायचे की घासायचे

प्रत्येक झिजलेला फ्रेट बदलावा लागत नाही. नवा फ्रेट साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर उंच असतो. चर उथळ असतील तर सगळे फ्रेट एका पातळीत घासून पुन्हा गोल करता येतात. माझा ठोकताळा असा : घासल्यावर पाऊण मिलिमीटरच्या आसपास उंची उरणार असेल तर घासा. त्याखाली जाणार असेल तर बदला. पहिले चार-पाचच खराब असतील तर तेवढेच बदलून बाकीच्यांशी पातळी जुळवता येते. त्या मुलाच्या गिटारला मी पहिले पाचच बदलले.

प्रत्यक्ष काम

तारा काढा. नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तिने नेक आधी सरळ करून घ्या. पट्टी लावून बघा.

मग धारदार ब्लेडने प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही कडांना लॅकर कापून घ्या. हलक्या हाताने, दोन-तीनदा. ही पायरी गाळली की कपची उडालीच म्हणून समजा. त्यानंतर सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने फ्रेट गरम करा. आतला डिंक किंवा जुनं लॅकर सैल होतं. लॅकरला मात्र टोक लावू नका, ते भाजतं. आता तोंड सपाट घासलेली पक्कड एका टोकाकडून फ्रेटखाली सरकवत न्यायची. ओढायचं नाही. पक्कड मिटली की तिच्या तोंडाच्या उतारावर फ्रेट आपोआप वर येतो.

एक सावधगिरी. फेंडरच्या जुन्या गिटारींचे, १९८० च्या आसपासपर्यंतच्या, फ्रेट वरून ठोकलेले नसत. ते खाचेत बाजूने सरकवलेले असत. ते सरळ वर उपटले तर लाकूड फाटतं. ते ज्या बाजूने घातले, त्याच बाजूने हळूहळू बाहेर ठोकत काढावे लागतात.

खाच साफ केल्यावर नव्या फ्रेटचा पाय तिच्यात किती घट्ट बसतो ते मोजा. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतो ना, तसंच हे आहे. २२ फ्रेट म्हणजे २२ पाचरी. मॅपल कठीण, ते दबून जागा देत नाही. पाय जाड असेल तर प्रत्येक पाचर नेकला थोडी थोडी फाकवते, आणि शेवटी नेक मागे वाकतो. जुन्या धर्तीच्या ट्रस रॉडला नेक फक्त एकाच दिशेला ओढता येतो, त्यामुळे हा बाक त्याने निघत नाही. म्हणून शिसवीत चालते ती घट्ट बसणी मॅपलमध्ये नको.

फ्रेटची तार बोर्डच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त वाकवून घ्या. पूर्ण गिटारला दीड मीटर तार पुरते. आधी दोन्ही टोकं ठोका, मग मध्य. मध्य खाली बसताना टोकं बाहेरच्या बाजूला रेटली जातात आणि पायाचे काटे लाकडात घट्ट रुततात. हातोडी पितळी किंवा प्लास्टिकच्या तोंडाची. टोकं कापा, कानशीने तिरपी घासा. मग बोर्डवर टेप लावून सपाट कानशीने सगळे माथे एका पातळीत आणा. पातळीत आणताना माथे सपाट होतात, ते पुन्हा गोल करायचे. इथे घाई केली तर आपण नवाच फ्रेट झिजलेला करून ठेवतो. शेवटी बारीक पॉलिश पेपर. सुटलेल्या लॅकरच्या कडा पातळ थर देऊन भरा.

दोन कर्जत

आता ते पार्सल आठवा. त्या कर्जतला एका जुलैत जेवढा पाऊस पडतो, तेवढा आपल्याकडे वर्षभरात पडत नाही. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आटतं, आणि ते आडवं आटतं. लांबीत फरक नगण्य, म्हणून फ्रेटच्या जागा बिघडत नाहीत. पण नेकची रुंदी केसभर कमी होते आणि फ्रेट तेवढाच राहतो. मग एप्रिल-मेमध्ये इथे मुलं तक्रार घेऊन येतात, "काका, नेक हाताला टोचतोय." ती फ्रेटची टोकं बाहेर आलेली असतात. म्हणून कोकणातून, मुंबईतून आलेली गिटार मी लगेच हातात घेत नाही. दोन आठवडे इथल्या हवेत राहू देतो. टोकं त्यानंतरच घासतो.

मिरजेकडे बघा

आपल्याकडे वाद्यदुरुस्तीची परंपरा नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला मिरजेला पाठवा. तिथली सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ते हात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जवारी काढताना बघा. तार घोडीवर घासून चर पडतात, आवाज बसतो, मग कारागीर कानशीने तो माथा पुन्हा जमवतो. एक फटका, की तार छेडून ऐकायची. पुन्हा एक फटका. फ्रेट गोल करणं हे त्याच जातीचं काम आहे. तंबोऱ्याची जवारी बिघडली म्हणून कोणी तंबोरा विकत नाही. गिटारच्या बाबतीत मात्र आपण वाद्य टाकून देतो, किंवा वाजवणं सोडून देतो.

तो मुलगा त्या सीझनला त्याच गिटारवर वाजवला. मालकांना मी काही बोललो नाही. गिटार बोलली.

प्रश्नोत्तरे

*स्टेनलेस स्टीलचे फ्रेट टाकावेत का?*
टिकतात खूप. पण कापताना, घासताना हत्यारांची धार जाते आणि मजुरी वाढते. रोज दोन-तीन तास वाजवणाऱ्याला परवडतं. शिकणाऱ्याला जर्मन सिल्व्हर पुरे.

*घरी करता येईल?*
येईल, पण पहिला हात दुसऱ्याच्या गिटारवर आणि मॅपलवर नको. भंगारातला एखादा नेक आणा, त्याचे सगळे फ्रेट काढून पुन्हा बसवा. कपच्या तिथे उडू द्या.

*झीज कमी कशी करायची?*
तारा वेळेवर बदला. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा. आणि स्वर बेसूर आला तर पोराला रागावण्याआधी तिसऱ्या फ्रेटखाली एकदा बोट फिरवून बघा.