मोटार जळाली की फेज गेली?

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की हॉस्टेलवर एक फोन ठरलेला. "मोटार उचलंना झालीय, नुसती गुंगुं करतीय." कळंब, भूम, परंडा, उमरगा, तालुका कुठलाही असो, वाक्य तेच. पुढचं वाक्यही तेच, "जळाली वाटतं." मग बोअरमधून मोटार वर काढायची, म्हणजे माणसं गोळा करायची, पाईप आणि केबल उतरवायची, टेम्पोतून तालुक्याला न्यायची. आणि कधीकधी दुकानदार सांगतो, मोटारीला काहीच झालेलं नाही.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतंय. पण जळालेली मोटार भरून आणायचा खर्च घरच्याच खिशातून जातो. कित्येकदा तो सेमिस्टरच्या फीच्या वेळेलाच येतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

सगळा घोळ होतो टेस्टरमुळे. टेस्टर लावला, दिवा लागला, "लाईट आहे" असं ठरलं. पण तो दिवा एवढंच सांगतो की तारेत थोडंफार व्होल्टेज आहे. किती आहे आणि मोटार सुरू झाल्यावर टिकतं का, हे तो सांगत नाही. आणखी एक गंमत, गंमत कसली, धोकाच. तीनपैकी एक फेज गेलेली असली तरी मोटारीच्या गुंडाळ्यांतून फिरून आलेल्या विजेवर त्या मेलेल्या फेजवरही टेस्टर लागू शकतो. मोटार मात्र गुणगुणत बसते, फिरत नाही आणि तापत जाते. त्या वेळी पुन्हापुन्हा हिरवं बटण दाबलं, तर चांगली मोटार खरंच जळते.

व्होल्टेज कमी पडण्याचा हिशोबही क्रूर आहे. तीन फेजच्या मोटारीला दोन फेजमध्ये ४१५ च्या आसपास व्होल्ट लागतात. ते २० टक्क्यांनी घटले तर सुरू होण्याचा जोर २० नाही, ३६ टक्क्यांनी घटतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. बारावीच्या फिजिक्सचा उपयोग कुठे होतो विचारणाऱ्यांनी हे वाचावं.

मग शोधायचं कसं? मीटर घेऊन विजेच्या वाटेनं चालत जायचं. आधी मेन स्विचवर तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज, मोटार बंद असताना. मग तेच, मोटार सुरू करताना. तिथंच आकडा कोसळला तर दोष मागे आहे: डीपीवर, फ्यूजमध्ये किंवा खांबावरून आलेल्या बारीक, लांब वायरमध्ये. मेनवर ठीक आणि स्टार्टरच्या पुढे कमी, तर स्टार्टरचे पॉइंट जळून काळे झालेत किंवा एखादा स्क्रू ढिला आहे. चांगल्या पॉइंटच्या दोन टोकांत, मोटार चालू असताना, मीटरनं जवळपास शून्य दाखवायला हवं. स्टार्टरच्या पुढेही व्होल्टेज बरोबर, पण क्लॅम्प मीटरवर तीन तारांचे अँपिअर वेगवेगळे, तर केबलच्या जोडावर किंवा वाइंडिंगवर संशय घ्यायचा. मोटार वर काढायचा विषय इथं येतो, त्याआधी नाही.

आपल्या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध नाही, पण बोटीवर नांगर साखळीसकट वर ओढणारी विजेची मोटार असते, विंडलास, ती बंद पडली की हीच तपासणी करतात. ती बोटीच्या नाकावर, बॅटरी बऱ्याचदा लांब मागे. १२ व्होल्टवर १००० वॉटची मोटार म्हणजे ८० अँपिअरच्या वर करंट. एखादा जोड खाऱ्या हवेनं गंजला की बटण न दाबता मीटर पूर्ण १२ दाखवतो आणि बटण दाबलं की मोटारीपाशी व्होल्टेज गायब. म्हणून मोजायचं ते भार असतानाच.

हे वाचून कोणी लगेच स्टार्टरचं झाकण उघडू नये. ४१५ व्होल्ट, ओली जमीन, रात्रीची पाळी, यात चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळत नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा कोर्स असतो तो उगाच नाही. मोजायचं काम त्याला करू द्या, आपण शेजारी कोरड्या जागी उभं राहून आकडे विचारा आणि लिहून घ्या. डीपीवर तर लाईनमनशिवाय कोणीच चढायचं नाही. १९१२ वर तक्रार करायची.

ऑटोस्विचबद्दल घरी थोडं भांडावं लागेल. रात्री वीज आली की आपोआप मोटार सुरू, आबांची झोप वाचते, हे खरं आहे. पण सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच सेकंदाला उठल्या की व्होल्टेज कोसळतं, कोणाचीच नीट उचलत नाही आणि कधी डीपीच जातो. मग सगळी शिवारं कोरडी. महावितरण ऑटोस्विच काढा म्हणून सारखं सांगतं, शेतकरी ऐकत नाहीत. रात्री साप-विंचवातून विहिरीवर कोण जाणार, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. निदान प्रत्येकानं काही मिनिटं मागेपुढे सुरू होणारा टायमर तरी लावावा.

सुट्टीत गावी गेलात की एक करा. मोटार नीट चालत असताना वायरमनकडून व्होल्टेज आणि तिन्ही तारांचे अँपिअर मोजून घ्या आणि स्टार्टरच्या झाकणाच्या आत मार्करनं तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या फोनला "जळाली वाटतं" ऐकलं की विचारायचं, "आबा, झाकणावरचा आकडा काय होता, आज काय येतोय?"