घोरणं थांबतं तेव्हा
लेखमाला : तोंडातून कळणारं आरोग्य – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण रात्री दात खाण्याच्या सवयीबद्दल बोललो. दात खाणाऱ्या काही जणांचं मूळ दुखणं दातात नसतं, श्वासात असतं, असं शेवटी म्हटलं होतं. आज तिथूनच पुढे जाऊ.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दवाखाना म्हटलं की तालमीतली माणसं पेशंट म्हणून येणारच. असेच पन्नाशीचे एक गृहस्थ दाढ दाखवायला आले. तरुणपणी लाल मातीत घुमलेले, आता मार्केट यार्डात गुळाचा टेम्पो चालवणारे. जोर-बैठका सुटून वीस वर्षं झाली, खुराक मात्र तसाच. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते, आणि तोंड पूर्ण उघडूनही मागचा घसा दिसत नव्हता. मी दाढेबद्दल बोलायला लागलो, तेवढ्यात सोबतच्या काकू म्हणाल्या, “डॉक्टर, दाढेचं राहू द्या. ह्यांच्या घोरण्याचं बघा. घोरतात त्याचं काय वाटत नाही हो; मधेच घोरायचं थांबतात, तेव्हा माझा जीव जातो.”

निदानाचं निम्मं काम काकूंनी एका वाक्यात केलं होतं. शेजारी झोपणाऱ्याला कळतं ते झोपणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही.

नेमकं घडतं काय?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, मऊ टाळू खाली येते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून जाणारी हवा टाळू थरथरवते, तेच घोरणं. वाट पूर्ण बंद झाली की आवाजही बंद होतो. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, जोरात हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा घोरणं सुरू. या आजाराला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा ठळकपणे कमी झाला, तर ती एक खेप धरतात. तासाला ५ ते १५ खेपा म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३०च्या वर तीव्र. तासाला ३० धरल्या तरी सहा तासांच्या झोपेत १८० वेळा श्वास अडतो. अशी रात्र काढलेल्या माणसाला सकाळी डोकं जड वाटणारच. रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं, तोंड कोरडं पडतं, गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. हाच डोळा पुणे-बंगळूर महामार्गावर स्टेअरिंगमागे लागला तर काय होईल, हे सांगायला नको.

मानेचा घेर

पेठेत भरदार मान हे कौतुकाचं लक्षण आहे. पण जाड मानेचं ओझं झोपेत श्वासाच्या वाटेवर पडतं. ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची चाळणी जगभर वापरतात. घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिला का, रक्तदाब, वजन, पन्नाशीपुढचं वय, मानेचा घेर आणि पुरुष असणं, असे ते आठ मुद्दे. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण १६ इंचांच्या वर गेला की एक गुण. शिंप्याच्या टेपनं घरीच मोजता येईल.

हा आजार फक्त स्थूल माणसांचा असं मात्र समजू नका. हनुवटी मागे असलेली सडपातळ माणसंही यात सापडतात. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्येही धोका वाढतो, आणि ‘बाई माणूस घोरते’ हे लाजेपोटी घराबाहेर जात नाही.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेली, स्वतःला धडधाकट समजणारी ही माणसं. तरी अंदाज निघाला तो असा : सुमारे १९.५ टक्के जणांचा श्वास झोपेत अडखळतो आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाच्या झोपाळूपणाचाही त्रास आहे.

जबडा पुढे, वाट मोकळी

एक प्रयोग करून बघा. मुद्दाम घोरण्याचा आवाज काढा. आता खालचा जबडा पुढे काढून तसाच आवाज काढायचा प्रयत्न करा. जमणं कठीण जाईल. जबडा पुढे आला की त्याला बांधलेली जीभही पुढे येते. ऑपरेशनच्या टेबलावर भूलतज्ज्ञ बोटांनी जबडा पुढे उचलून हेच साधतात. फ्रान्समधल्या पिएर रोबँ यांनी लहान जबड्याच्या मुलांसाठी जबडा पुढे धरणारं साधन १९०२ सालीच मांडलं होतं.

आजचं साधन म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन पातळ साचे. दोन्ही जबड्यांची मापं घेऊन ते बनवतात. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात करायची आणि आठवड्या-आठवड्यानं थोडं थोडं पुढे न्यायचं. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो. हे बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. वर्षानुवर्षं वापरल्यावर दातांची ठेवण किंचित बदलू शकते, म्हणून नियमित तपासणी सोडायची नाही.

हे कुणाला चालतं? सौम्य आणि मध्यम आजारात, किंवा सीपॅप यंत्राचा मास्क सहनच होत नाही अशांना. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी मांडलेलं सीपॅप हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवतं. तीव्र आजारात पहिला मान त्याचाच. श्वासाच्या खेपा कमी करण्यात ते दातांच्या साधनापेक्षा सरस आहे, पण कपाटात पडलेलं यंत्र उपयोगाचं नाही. दातांचं साधन माणसं रात्रीचे जास्त तास वापरतात, हे त्याचं बळ.

आपल्याकडे एक अडचण तंबाखूची. हिरड्या खिळखिळ्या होऊन दात हलायला लागले, तर साधनाला धरायला आधारच उरत नाही. गुटखा-सुपारीनं तोंड उघडणं कमी झालं असेल, तर मापाचा ट्रेही आत जात नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, तेव्हा त्याही आड येतात.

आधी तपासणी

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘घोरणं बंद’ अशी जाहिरात वाचून गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार साचा आणू नका. आवाज कमी होईल आणि श्वास थांबतच राहील. मग शेजारच्याची धोक्याची घंटासुद्धा गेली. आधी छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून रात्रभराची झोपेची तपासणी, मग आजाराच्या तीव्रतेनुसार उपचार. साधन बसल्यावर ते तोंडात ठेवून पुन्हा तीच तपासणी, कारण काही जणांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. दंतवैद्यानं संशय घ्यावा, साधन बनवावं. निदान मात्र एकट्यानं करू नये.

त्या गृहस्थांची तपासणी झाली. आजार मध्यम निघाला, दात घट्ट होते. साधन लागू पडलं, दुसऱ्या तपासणीत खेपा तासाला पाचच्या आत आल्या. वजन उतरवायचं काम चालू आहे. तालमीत वस्ताद पोरांना आधी दम टिकवायला शिकवतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. परवा काकू एकट्याच हिरडी दाखवायला आल्या. “आता मधे जाग आली तर कान लावून बसत नाही,” म्हणाल्या, “कूस बदलते आणि झोपते.”

आज रात्री तुमच्या घरातलं घोरणं चालू असेपर्यंत नव्हे, ते थांबेल तेव्हा कान द्या. घड्याळाकडे बघून दहा मोजा.

(पुढच्या भागात : तोंडानं श्वास घेणारी मुलं आणि त्यांची टॉन्सिल)