लिनक्सवरील इंटरनेट : दोष शोधण्याचा क्रम

शिष्यवृत्ती, प्रवेश, परीक्षा यांचे बहुतेक अर्ज आज इंटरनेटवरूनच भरावे लागतात. शेवटच्या तारखेस लॅपटॉपवर वायफाय जोडलेले दिसते, परंतु पान उघडत नाही. अशा वेळी गोंधळलेल्या विद्यार्थ्याची मुदत टळते व वर्षाची शिष्यवृत्तीही हुकू शकते. लिनक्स वापरणाऱ्याने मात्र घाबरू नये. दोष कोठे आहे हे ही प्रणाली पायरीपायरीने दाखविते.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने त्याच्याच आधारे ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली. लिनक्सचे प्रकार अनेक असले, तरी जोडणीचे तत्त्व एकच आहे.

नांदगाव खंडेश्वरहून मुंबईस पत्र धाडायचे तर काय लागते? उत्तर येण्यासाठी आपला पत्ता, पत्र बाहेर नेणारे टपाल कार्यालय आणि समोरच्याचा पत्ता. लॅपटॉपचेही तसेच आहे. आपला पत्ता म्हणजे आयपी क्रमांक, टपाल कार्यालय म्हणजे गेटवे, आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारा तो डीएनएस. राउटर किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट ही माहिती बहुधा आपोआप पुरवितो.

आता तपासणी. टर्मिनलमध्ये ‘आयपी ए’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. वायफायपुढे क्रमांक नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ताच मिळालेला नाही. जोडणी बंद करून पुन्हा सुरू करावी. पत्ता असल्यास ‘आयपी रूट’ या आज्ञेने गेटवेचा क्रमांक पाहून त्यास ‘पिंग’ करावे. मग ८.८.८.८ या बाहेरच्या क्रमांकास पिंग करावे. तेथून उत्तर येते, पण नावाने स्थळ सापडत नाही, असे झाल्यास दोष डीएनएसचा समजावा. जोडणीच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४ या भागात, डीएनएस म्हणून तोच ८.८.८.८ लिहावा. गेटवे बोलतो व बाहेरचे काहीच बोलत नाही, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या पलीकडचा; उगाच प्रणाली पुन्हा टाकण्यात वेळ दवडू नये.

वायफायची यादीच दिसत नसेल, तर त्या यंत्रभागाचे फर्मवेअर नसण्याचा संभव असतो. तेव्हा मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्यावरील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स त्यास तारेची जोडणी मानतो. त्यावरून आधी अर्ज भरावा. फर्मवेअर मागाहून सावकाश उतरवून घेता येते.